दिगूकाकांचे तीस फासे

घड्याळं एक तास मागे घ्यायचा रविवार आला की मी घरातली सगळी घड्याळं बदलते, मायक्रोवेव्हचं सोडून. त्याचं कुठलं बटण किती वेळ दाबायचं हे मला इतक्या वर्षांत जमलेलं नाही, आणि मार्चमध्ये ते आपसूक बरोबर येतंच, मग उगाच कशाला जीव काढा. काल तो रविवार होता. पाच वाजायच्या आत ब्रॅकनेलच्या राउंडअबाउटवरचे दिवे लागले, समोरच्या ऑफिस पार्कातली झाडं काळी झाली, खिडकीच्या काचेला आतून पाणी सुटलं. आणि दर वर्षी होतं तेच झालं. माझे कान एका आवाजाची वाट बघायला लागले. लीड्समधल्या एका स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्टीची.

त्या स्वयंपाकघरात मी कधी पाऊल टाकलेलं नाही. ती शिट्टी मला हेडफोनमधून ऐकू यायची, एका अख्ख्या हिवाळ्यातल्या दर रविवारी दुपारी. मग कुणीतरी घाईघाईने गॅस बंद केल्याचा आवाज, खुर्ची ओढल्याचा आवाज, आणि दिगूकाका म्हणायचे, "हं, आलो, मारा आता त्याला." त्याला म्हणजे राक्षसाला. आम्ही पाच जण मिळून इंटरनेटवर राक्षस मारत होतो.

दोन हजार पाचचा हिवाळा तो. मी नागपूरहून इंग्लंडला वर्क व्हिसावर येऊन दीड वर्ष झालं होतं. सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्याला पुराव्यासकट दाखवायच्या, ह्याचा मला पगार मिळायचा, आणि खरं सांगायचं तर मजाही यायची. आठवडाभर बरं चाले. शनिवार कपडे धुण्यात आणि घरी फोन करण्यात जाई. रविवार मात्र अंगावर यायचा. रस्त्यावर चिटपाखरू नाही, भिंतीतला हीटर नुसता टिकटिक करणार, कार्पेटला ओलसर वास. अशात निनादने मला त्या गेममध्ये ओढलं. निनाद माझा कॉलेजपासूनचा मित्र, तेव्हा कार्डिफच्या हॉस्पिटलात एक्सरे विभागात. त्याचा फ्लॅटमेट ग्लिन तिथलाच, वेल्श, आमच्यातला सगळ्यात चांगला खेळाडू. आणि लीड्सची रूपा, तिथेच जन्मलेली, युनिव्हर्सिटीत शिकणारी. निनादची ओळख तिच्याशी कुठल्याशा गणपतीत झाली होती.

पाचवा माणूस मिळेना, तेव्हा रूपा म्हणाली, "माझा बाबा येऊ शकतो. त्याला खूप आवडते कॉम्प्युटर." बाबा म्हणजे दिगूकाका. हॉस्पिटलच्या लॅबमधून नुकतेच रिटायर झालेले. काकूंची वॉर्डात रविवारची ड्यूटी असे, त्यामुळे कुकर लावायचं काम काकांकडे. रूपा वर आपल्या खोलीत, काका खाली स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन. एकाच घरातली दोन माणसं जिन्याच्या दोन टोकांना बसून एकमेकांना गुहेत भेटत होती. काकांचं काम जखमी झालेल्यांना बरं करणं. कुणाला लागलं की काका कळवळायचे, "अगं, मागे हो, मागे हो, मी आहे ना." निनाद आणि मी त्यांना अहो-काहो करायचो. ग्लिन त्यांना डिगी म्हणायचा आणि काकांना ते फार आवडायचं.

गेमची पद्धत सोपी होती. गुहेत पाच राक्षस. प्रत्येक राक्षस मेला की एक वस्तू टाकून जाणार. वस्तू एक, माणसं पाच. मग फासा टाकायचा, म्हणजे एक छोटी कमांड टाइप करायची, की एक ते शंभरमधला कुठलाही आकडा तुमच्या नावापुढे सगळ्यांच्या स्क्रीनवर उमटतो. ज्याचा मोठा, त्याची वस्तू. दर रविवारी पाच वेळा. ना भांडण, ना तंटा.

नागपूरला आमच्या गल्लीत हळदीकुंकवाला एक वस्तू चिठ्ठी टाकून द्यायचे. स्टीलचा डबा, नाहीतर चहाची किटली. सगळ्यात लहान पोराला डोळे मिटून चिठ्ठी उचलायला लावायचं, कारण लहान मूल लबाडी करत नाही. तरी एकाच घराला लागोपाठ दोन वर्षं बक्षीस लागलं की बायकांचे चेहरे बदलायचे. समोर कुणी काही बोलत नसे. घरी जाताना मात्र, पोराचे डोळे नीट मिटलेले होते का गं, अशी कुजबुज. माझी आई तर म्हणायची की त्या घरचा डबा चिठ्ठीचा नाहीच, आधीच ठरलेला. मी आठ-नऊ वर्षांची असेन, आणि मला ते शंभर टक्के पटलं होतं. नशिबाचा वाटा सारखा पडला की आपण त्याला न्याय म्हणतो. तो जसा पडायचा तसा पडला की त्यात माणूस शोधायला लागतो.

डिसेंबरातल्या पहिल्याच रविवारी काका लागोपाठ चार वेळा जिंकले. बूट, अंगठी, ढाल आणि शेवटी कंदील. हा कंदील फार क्वचित पडायचा. त्याचा लढाईत काही उपयोग नव्हता, फक्त तो घेतलेल्या माणसाभोवती पिवळा उजेड पडायचा. मला तो हवा होता. का ते विचारू नका. बाहेर साडेचार वाजता मिट्ट काळोख, घरात एकटी मी, आणि स्क्रीनवरच्या त्या टीचभर उजेडासाठी मी महिनाभर झुरत होते. मी फासा टाकला. सत्त्याण्णव. मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. मग थोड्या वेळाने काकांचा आकडा आला. अठ्ठ्याण्णव.

"रूपा, खाली ये, बघ किती पडले!" काका ओरडले. जिन्यावरून धडधडत कुणी उतरल्याचं ऐकू आलं, मग बापलेकीचं हसणं. मी हेडफोन काढून ठेवला आणि ओट्याशी जाऊन पाणी प्यायले. इतका राग मला कशाचाच आला नव्हता. एवढ्याशा गोष्टीचा एवढा राग आला याचीही लाज वाटली, आणि लाज वाटली की माणूस कारण शोधतो.

मला कारण सापडलं. काका नेहमी सगळ्यात शेवटी फासा टाकायचे. आमचे चौघांचे आकडे दिसले की मग त्यांचा यायचा. म्हणजे काय, बघून ठरवतात का? मी लगेच कागदावर मांडलं. पाचात एक, असं चार वेळा लागोपाठ. सहाशे पंचवीसात एकदा. निनादला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, असले प्रोग्रॅम मिळतात म्हणे, फासा वाकवणारे, आणि काका लॅबमध्ये मशीनच चालवायचे ना. वास्तविक फासा आमच्या कुणाच्याच मशीनवर पडत नव्हता. तो कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरवर पडायचा आणि आम्हाला फक्त आकडा दिसायचा. टेस्टर म्हणून हे मला सगळ्यात आधी कळायला हवं होतं. कळत होतंच. पण त्या दिवसांत मला कळण्यापेक्षा कंदील मोठा होता.

ऑफिसात बग, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका, नोंदवायची माझी वही होती, तिच्याच मागच्या पानावर मी काकांचे फासे लिहायला लागले. टेस्टरची एक सवय असते. जे नीट चाललंय ते लिहायचं नाही, जे चुकलं तेवढंच लिहायचं. दिवसात दोनशे गोष्टी तपासल्या आणि तीन चुकल्या, तर वहीत तीन. त्या सवयीने मी काका जिंकले की लिहायची. हरले की लिहायला काही नसायचंच. जानेवारी संपता संपता पानावर नऊ आकडे झाले, सगळे मोठे, सगळे काकांचे. ते पान बघून कुणाचीही खात्री पटली असती. माझी तर पटलीच होती.

ग्लिनला आम्ही सांगितलं तेव्हा तो लगेच म्हणाला, मग विचारा ना डिगीला. आमच्यात मोठ्या माणसाला असं विचारत नाहीत, असं काहीतरी आम्ही त्याला समजावलं. त्याला ते पटलं नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून तुम्ही विचारणार नाही, पण त्यांनी चोरी केली असं मनात मात्र धरून बसणार? हे त्याने अगदी सरळपणे विचारलं होतं आणि मला त्याचा राग आला होता. ह्याला काय कळतंय आमचं वळण, असं वाटलं. आता वाटतं, त्या पाचांत काकांचा मान फक्त त्याने राखला, जो त्यांना नावाने हाक मारत होता.

आम्ही आमच्या वळणाने गेलो. आरोप नको, नियमच बदलू. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मी गोड आवाजात सांगितलं की आता फासा बंद, यादी करू, ज्याला कमी मिळालंय त्याला आधी. यादी मीच केली, अंदाजाने. रूपा पहिली, मग मी, मग ग्लिन, मग निनाद, शेवटी काका. वरच्या कुणाला एखादी वस्तू नकोच असेल तरच त्यांच्यापर्यंत यायचं.

"म्हणजे सगळ्यांना न्याय मिळेल, काका," मी म्हणाले.

मग काका म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मला खूप मिळालंय."

तो आवाज मला आजही ऐकू येतो. तक्रार नव्हती त्यात. भर पंगतीत, तुमचं झालं असेल तर उठा, असं कुणीतरी हसतमुखाने सांगावं, आणि माणसाने पुरता न जेवता पान बाजूला सारावं, तसा तो आवाज होता.

त्यानंतर एक विचित्र प्रकार सुरू झाला. राक्षस मेला, वस्तू यादीप्रमाणे कुणाला तरी दिली, की थोड्या वेळाने स्क्रीनवर काकांचा फासा उमटायचा. कुणी मागितलेला नसताना. एकेचाळीस. पुढच्या राक्षसानंतर पुन्हा. तीन. पुन्हा. सहासष्ट. मी दोनदा सांगितलं, "काका, आता टाकायची गरज नाही हो." ते म्हणाले, "हो हो. हाताला सवय." आणि पुढच्या वेळी पुन्हा टाकला. मला वाटलं, वय झालं, विसरतात. निनादला वाटलं, आता मुद्दाम कमी पाडतायत, आम्हाला दाखवायला. त्यावर आम्ही दोघं हसलोही. मोठा आकडा पडला तर लबाडी, लहान पडला तर लबाडी लपवायची लबाडी. आमच्या न्यायाच्या दरबारात काकांनी पाडावा असा एकही आकडा शिल्लक राहिला नव्हता.

असे सहा रविवार. मार्चात दिवस मोठा झाला, बागांत पिवळी फुलं आली, आणि काका यायचे थांबले. रूपा म्हणाली, बाबा बिझी आहे. मग तीही थांबली. ग्लिन लग्न करून दुसऱ्या गावी गेला, माझं आणि निनादचं फोनवरचं बोलणं आधी महिन्यावर आणि मग दिवाळीवर आलं. गेममध्ये मित्रांची यादी असते. जो आलेला असतो त्याचं नाव हिरवं, जो नसतो त्याचं राखाडी. काकांचं नाव राखाडी झालं ते झालंच. दोन वर्षांनी निनादने कळवलं, काका गेले, झोपेतच, हार्टचं. मी रूपाला ईमेल पाठवला. लिहून, खोडून, शेवटी चार ओळींचा. तिचं एका ओळीत थँक्यू आलं.

त्यानंतरचा पहिला हिवाळा मला आठवतो. घड्याळं मागे गेली त्या दुपारी मी उगाच त्या गेममध्ये शिरले. गुहेच्या तोंडाशी माझं पात्र एकटंच उभं केलं. आसपास कुणी नाही. राखाडी नावाकडे बघत बसले आणि चक्क वाट बघितली. कशाची, ते मलाही सांगता येणार नाही. पाच मिनिटांनी घरात कुठेतरी शिट्टी वाजल्यासारखं झालं आणि मी लॅपटॉप मिटून टाकला. शेजारच्यांची किटली होती ती.

गेल्या आठवड्यात जुना लॅपटॉप टाकून द्यायला काढला. टाकण्याआधी आत काय आहे ते बघून घ्यावं म्हणून चालू केला, तर गेमच्या फोल्डरमध्ये एक फाइल निघाली. गेम तेव्हा आपोआप सगळं लिहून ठेवत होता, कुणी काय टाइप केलं आणि कुणाचा फासा किती. आम्हाला पत्ताच नव्हता. यादीच्या आधीचे चौदा रविवार, दर रविवारी पाच, सत्तर वस्तू. कोण किती जिंकलं ते मी मोजलं. एकदा मोजलं, विश्वास बसला नाही, पुन्हा मोजलं.

रूपा दहा. ग्लिन बारा. काका पंधरा. निनाद सोळा. आणि मी सतरा.

सगळ्यात जास्त मला मिळालं होतं. सतरा वेळा मी जिंकले होते, आणि त्यातली एकही वेळ मी वहीत लिहिली नव्हती. माझ्या जिंकण्यात मला कधी बग दिसलाच नाही. मग यादीत स्वतःला दुसरी ठेवताना मी काय मोजलं होतं? काहीच नाही. माझं दुःख मोजलं होतं, कंदिलाचं. त्या सहाशे पंचवीसचाही हिशेब मी परत मांडला. सत्तर वेळा फासा पडणार असेल, तर पाचांपैकी कुणीतरी कधीतरी लागोपाठ चार वेळा जिंकेल, ही शक्यता तीनात एक आहे. म्हणजे तसले तीन हिवाळे गेले की एका हिवाळ्यात कुणावर तरी हे यायचंच. आमच्यात ते काकांवर आलं. उद्या मला ऑफिसात कुणी असा बग रिपोर्ट दिला, फक्त फसलेल्या केसेसचा, तर मी त्याला उभं सोलून काढेन.

चार दिवस ही फाइल घेऊन बसले होते. कुणाला सांगायचं? काकांना सांगता येत नाही. निनादला सांगितलं, तो म्हणाला, जाऊ दे गं, गेम होता तो. काल घड्याळं मागे गेली, पाचच्या आत दिवे लागले, आणि मी रूपाला फोन लावला. ती आता लीड्समध्येच फार्मसिस्ट आहे. मी न थांबता सगळं सांगून टाकलं, वही, यादी, सत्तर, पंधरा, माझे सतरा. तुझ्या बाबांनी काहीही केलं नव्हतं, माझं चुकलं, असं म्हणाले. मला वाटलं ती चिडेल. चिडायला हवी होती.

ती म्हणाली, "मी पण तसाच समजली होती."

मला कळेना. मग ती बोलत गेली, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. निनादने तेव्हा तिलाही ते सांगितलं होतं, आणि तिला ते खरं वाटलं होतं. बाबांना विचारायचा धीर झाला नाही. बाबा शेवटी फासा का टाकायचे, तर त्यांना टाइप करायला यायचं नाही, एका बोटाने एकेक अक्षर शोधायचे. कमांड विसरू नये म्हणून लॅपटॉपच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवलेली होती. ती पट्टी तिने रोज बघितली होती, आणि तरी तिला ते सुचलं नाही. काका गेल्यावर लॅपटॉप आवरताना ती पट्टी सोलून काढली, तेव्हा सुचलं.

"यादी झाला ना, त्याच्यानंतर पण तो मला बोलवायचा," ती म्हणाली. "प्रत्येक संडे. रूपा, खाली ये, बघ किती पडले. मी नाही गेली. मला शरम वाटत होता त्याचा."

मला ते आठवलं. त्या सहा रविवारी तीच हाक हेडफोनमधून मलाही ऐकू येत होती. जिन्यावरची धडधड मात्र नव्हती, आणि ती नव्हती हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. ते तीस फासे आमच्यासाठी नव्हतेच. निदान आमच्या एकट्यांसाठी नव्हते. स्वतःवर उघड आरोप झालाच नाही, तर माणूस उघड उत्तर तरी कसं देणार? म्हणून एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, तो आपल्या मुलीला दाखवत होता की बघ, माझ्या हातात काही नाही. जसा पडायचा तसा पडतो.

रूपा म्हणाली, फाइल उघडी आहे का तुझ्यासमोर? वाच. मी वाचायला लागले. एकेचाळीस. तीन. सहासष्ट. बावीस. अठ्ठ्याऐंशी. नऊ. बाहेर पूर्ण अंधार झाला होता आणि मी दिवा लावायला उठले नव्हते. तिसावा आला. दोन.

"त्याच्या खाली त्यांनी एक शब्द टाइप केलाय," मी म्हणाले. रोमन अक्षरांत, पाच अक्षरं, एका बोटाने. "बघा."

"मग?" रूपाने विचारलं. "त्याला कोण काय बोलला?"

मी खालची ओळ वाचली. ती माझी होती.

"ओके, नेक्स्ट संडे, सेम टाइम."